सुरंगीचा डावा डोळा

शर्यतीची घोषणा करणाऱ्या बाबलीने कर्ण्यावरून सांगितलं, तेव्हा भाई घाडी आपल्या सुरंगी घोडीच्या पायांना पट्ट्या बांधत होते. यंदा गाड्या उत्तरेच्या टोकाकडून सुटतील आणि देवळाच्या बाजूला, मंडपासमोर येऊन थांबतील. भाईंचा हात तिथेच थांबला.

"पाहुण्यांक शेवट दिसाक व्हयो," बाबली पुढे म्हणाला. पाहुणे म्हणजे मंडपातल्या खुर्च्यांवर बसणारे लोक. घोडा कुठला आणि खेचर कुठलं, हेही त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. त्यांच्यासाठी अख्खी शर्यत उलटी फिरवली होती.

आजवर समुद्रकाठच्या या वाळूत, या पुळणीवर, गाड्या उत्तरेकडे धावत. समुद्र डाव्या हाताला, माणसं उजव्या. आज माणसं डाव्या हाताला येणार होती, आणि सुरंगीला डाव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं. हे जगात एकट्या भाईंना ठाऊक होतं.

भाई फोंडाघाटाजवळच्या गावचे. घरचं भात, काजू, आंब्याची चार कलमं. विसाव्या वर्षी घाट चढून कोल्हापूरला गेले, एका टांगेवाल्याकडे घोडे धुवायला राहिले आणि लगाम धरायला शिकून परत आले. घोडागाडीच्या या शर्यतीत घोडा दुडकीनेच पळवायचा असतो. चौखूर उधळला की गाडी बाद. म्हणजे नुसता वेग उपयोगाचा नाही, वेगाला आवरणारा हात लागतो, आणि भाईंचा हात तसा होता. घोड्याच्या मनातलं भाईंच्या बोटांना आधी कळतं, असं लोक म्हणत. मध्ये काही वर्षं शर्यती बंद होत्या तेव्हाही त्यांनी दावण रिकामी ठेवली नाही. 'चाबूक न उचलणारे भाई' असं एकदा पेपरात छापून आलं. ते कात्रण त्यांच्या बायकोने, आनंदीने, देवघराशेजारी चौकटीत लावलं होतं. भाई रोज दिवा लागताना ते बघत आणि मान खाली घालत. आनंदीला वाटे, ते देवाला नमस्कार करतायत.

तीन वर्षांपूर्वी सुरंगी नवी होती. कापणी झालेल्या मळ्यात भाई तिला दुडकी शिकवत होते आणि ती सारखी चौखूर होत होती. आठ वेळा त्यांनी समजावलं. नवव्या वेळी डोकं फिरलं. गाडीच्या बैठकीखाली एक जुना चाबूक होता, तो हातात कधी आला ते त्यांनाही कळलं नाही. वादी घोडीच्या तोंडावरून फिरली. दोन दिवस डोळा गळत होता. "करवंदीचो काटो लागलो," भाईंनी घरी सांगितलं. मग डोळा वरून स्वच्छ झाला, काचेसारखा. आठव्या दिवशी ती रचून ठेवलेल्या भाताच्या उडवीत सरळ घुसली, तेव्हा भाई तिथेच बांधावर बसले आणि रडले.

त्यानंतर त्यांनी सगळं बेमालूम जमवून घेतलं. घोडीजवळ उजवीकडूनच जायचं, अशी घरात रीत घातली. ही कोल्हापूरच्या उस्तादाची शिकवण, असं लोक समजले, आणि दोन-तीन गाडीवाल्यांनी ती आपल्याकडेही सुरू केली. शर्यतीसाठी दाखला द्यायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी पाय पाहिले, छाती ऐकली आणि सही केली. शर्यतीत सुरंगी न दिसणाऱ्या बाजूला वाहवत जाई, पण तिथे समुद्र होता. खुरांना पाणी लागलं की ती आपोआप सरळ होई. भाई मुद्दाम ओल्या वाळूवरून गाडी नेतात, म्हणून त्यांचं कौतुक झालं. दोन वर्षं पहिला नंबर त्यांचाच होता.

आज डावीकडे पाणी नव्हतं. एक दोरी होती आणि दोरीच्या अलीकडेच फतकल मारून बसलेली माणसं होती.

शिवाय आज लगाम भाईंच्या हातात नव्हता. त्यांचा गुडघा गेला होता. त्यांची मुलगी गौरजा पहिल्यांदाच गाडीवर बसणार होती. कणकवलीच्या शाळेत ती शिक्षिका. वर्षभर रविवारच्या रविवार येऊन तिने हात बसवला होता. तिच्या वर्गातली पोरं आनंदीबरोबर पुढेच बसली होती, हातात 'गौरजा बाई' लिहिलेले पुठ्ठे घेऊन.

"गौरजा, आज नको," भाई म्हणाले.

"कित्याक?"

खरं कारण तोंडात आलं होतं. पण त्याच्या शेजारीच एक सोपं उत्तर होतं आणि भाईंनी तेच उचललं. "तुझो हात अजून तयार नाय."

वर्षभरात त्यांनी तिला एकदाही असं म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा उतरला. तिने हातातला लगाम नीट गुंडाळला आणि वडिलांपुढे धरला.

"मगे तुमी बसा. गुडघ्याक काय जाता, दोन मिन्टांचो प्रश्न. तुमच्या हातान ती जिकतली."

भाईंनी दोरीकडे पाहिलं. एक पोरगी पुठ्ठा उलटा धरून बसली होती आणि आनंदी तिला तो सुलटा करून देत होती. भाईंना स्वतःची किळस आली. चाबूक घोडीला एकदाच मारला होता, आणि आता तोच ते स्वतःच्या पोरीला मारत होते.

"तुझो हात तयार आसा," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा बरो आसा. घोडीक डाव्या डोळ्यान दिसना नाय."

"तो काटो..."

"काटो नव्हतो. मिया चाबूक मारलंय."

गौरजा पाठ फिरवून बाबलीकडे गेली. थोड्या वेळाने कर्ण्यावरून ऐकू आलं, भाई घाडींची गाडी पळणार नाही. गर्दीतून कुणीतरी हसलं, म्हातारो भियालो म्हणून. भाईंनी ते ऐकून घेतलं.

गौरजा परत आली ती सुरंगीच्या डाव्या बाजूने, आयुष्यात पहिल्यांदाच. मानेला हात लागताच घोडी दचकून बाजूला झाली. गौरजाने हात काढला नाही. हळू आवाजात ती बोलत राहिली, घोडीचे कान तिच्याकडे वळेपर्यंत. मग तिने घोडी गाडीपासून सोडवली आणि तिला घेऊन निघाली. भाईंनी सवयीने लगामासाठी हात पुढे केला.

तिने लगाम दिला नाही.

"मी हयना, डावीकडना चलतंय," ती म्हणाली. "तुमी उजवीकडना चला. तुमी खंय आसास, ता तिका दिसाक व्हया."

भाई घोडीच्या पुढून वळसा घालून उजवीकडे गेले.