शेऱ्याच्या रकान्यात

मी विसरभोळी आहे असं कुणी म्हणू नये. माझ्या हातून जे झालं ते लक्षात ठेवण्यापायीच झालं.

आमचं बुटांचं दुकान आहे. पुढे तयार बूट, मागच्या खोलीत पायाला त्रास असलेल्यांसाठी मापाचे. सासऱ्यांची शिस्त अशी, की गिऱ्हाइकाचं पाऊल कागदावर ठेवायचं, पेन्सिलीनं भोवती आखायचं आणि खाली शेरा लिहायचा. शेरा म्हणजे नुसतं 'टाचेला कुरूप' नव्हे. 'मुलाची परीक्षा आहे, पुढच्या वेळी विचारणे.' 'बायको वारली, तिच्या चपलांचा विषय काढू नये.' माणूस वर्षानं आला तरी आम्ही कागद बघून विचारायचो, काय, पास झाला का मुलगा? माणूस खूश होऊन जायचा. सासरे म्हणायचे, बूट काय कुणीही विकेल.

सासरे गेले आणि धाकट्या दिरांनी कॉम्प्युटर आणला. भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही रद्दी आता पुरे." मग तीन महिने मीच बसून नावं, पत्ते, फोन, मापं सगळं आत भरलं. शेऱ्यांसाठी वेगळा रकाना मागून घेतला, तोही मीच. पासवर्ड होता दुकानाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. तो चिठ्ठीवर लिहून पडद्याला चिकटवलेला, कारण मागच्या खोलीतले कारागीरबाबा दर वेळी मला हाक मारायचे आणि माझं डोकं उठायचं.

आमच्याकडे एक सहा वर्षांची मुलगी यायची. डावा पाय जन्मापासून आखूड, त्या बुटाला दीड बोट जाड तळ लागायचा. स्टुलावर बसून अशा ऑर्डरी सोडायची की कारागीरबाबांनी तिचं नाव 'सरकार' ठेवलं होतं. "काय हुकूम, सरकार?" की म्हणायची, "लाल पाहिजेत. आणि आवाज न करणारे." मी एकदा विचारलं, आवाजाचं काय गं? म्हणाली, "खटखट झाली की बाबा उठतात." तिच्या आईनं मान खाली घातली. आईच्या अंगात लांब बाह्यांचा कुडता होता, ऐन उन्हाळ्यात. आम्ही खाली मऊ रबर लावून दिलं.

पुढच्या खेपेला आई एकटीच आली. म्हणाली, "ताई, आम्ही घर सोडलंय. सरकारचा पाय वाढतोय, बूट तर लागणारच. नवीन पत्त्यावर पाठवाल? पण कुणाला सांगू नका. कुणी विचारलंच तर माझ्या आत्याचा पत्ता सांगा." मी तिचा हात धरून म्हटलं, "काळजीच सोड."

ती गेली आणि मी लगेच बसले. मी एकटी थोडीच असते काउंटरवर? भाऊजी असतात, सुट्टीत जाऊबाई बसतात, आणि जाऊबाईंच्या पोटात काही राहत नाही. म्हणून दोन्ही पत्ते भरले आणि शेऱ्यात ठळक अक्षरांत लिहिलं: 'विचारल्यास आत्याचा पत्ता द्यावा. माय-लेकी राहतात दुसऱ्या पत्त्यावर. हा नवऱ्याला कधीही सांगू नये.' लिहून झाल्यावर मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि महिन्याभरात नवरा आलाच. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधासारखं. काउंटरवर नेमक्या जाऊबाई. त्यांनी शेरा वाचला आणि ठणकावून आत्याचा पत्ता दिला. मी आतून ऐकत होते. त्या दिवशी मी जाऊबाईंना स्वतःहून चहा करून दिला, आयुष्यात पहिल्यांदा.

मग एका सोमवारी पडद्यावर पत्र आलं. तुमचा कॉम्प्युटर बंद केलाय, तुमची सगळी माहिती आमच्याकडे आहे, उघडून हवा तर पैसे टाका. भाऊजींनी आदल्या आठवड्यात 'तुमचं पार्सल अडकलं आहे' अशा कुठल्याशा मेलवर बोट दाबलं होतं. पण त्यांनी सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवलेली होती. ती चढवली आणि संध्याकाळपर्यंत दुकान सुरू. भाऊजी मिशीला पीळ देत म्हणाले, "बसा म्हणावं बोंबलत!" आम्ही सगळे हसलो. मीही हसले. दुकानात चोर आला तर काय बघतो आपण? माल जागेवर आहे का. माल जागेवर होता, एक ओळ इकडची तिकडे नाही. मग गेलं काय?

पासवर्ड तेवढा बदलला. बैल गेला आणि झोपा केला.

अकरा दिवसांनी आमच्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या एक बाई दुकानात आल्या आणि काउंटरवर फोन आपटला. चोरांनी चिडून आमची अख्खी यादी इंटरनेटवर उघडी टाकली होती. नाव घाला, की माणूस हजर. बाईंच्या नावापुढे माझा शेरा होता: 'सुनेशी पटत नाही, विषय काढू नये.' तो त्यांच्या सुनेनंच त्यांना वाचून दाखवला होता. त्या मला वाट्टेल ते बोलल्या आणि मी ऐकून घेत होते. ऐकता ऐकता मला सरकार आठवली.

तिच्या आईला फोन लावला. उचलला तिनं. मी अडखळत सगळं सांगितलं. पलीकडे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"चोरी होऊन किती दिवस झाले, ताई?"

"अकरा."

"मग मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

काय सांगणार होते मी, कपाळ माझं? की आमचं दुकान चालू झालं होतं म्हणून? मी म्हटलं, "तू आत्ताच्या आत्ता तिथून नीघ. आमच्याकडे ये." ती म्हणाली, "खाली कुणाची तरी गाडी थांबलीय," आणि फोन बंद झाला. परत लागला नाही. मी पोलिसांकडे गेले. ते म्हणाले, नवरा-बायकोचा मामला आहे, तिची तक्रार आहे का? तिची कुठून असणार? त्या पत्त्यावर गेले तर दाराला कुलूप, आणि खिडकीच्या कठड्यावर लाल बुटांचा जोड वाळत ठेवलेला.

चार महिने गेले. परवा दुपारी दुकानाचं दार उघडलं आणि इस्त्रीचा शर्ट आत आला. बोटाला धरून सरकार.

"हिचे बूट घट्ट झालेत," तो म्हणाला.

"आई कशी आहे हिची?" मी विचारलं.

"घरीच असते. आता कुठे जात नाही." मग हसून म्हणाला, "तुमचे आभार मानायचे राहिलेच. आत्याच्या दारात दोनदा जाऊन बसलो होतो मी फुकट. तुम्ही इतकं स्वच्छ लिहून ठेवलं होतंत म्हणून बरं."

कारागीरबाबा आतून बाहेर आले. नेहमीसारखं "काय हुकूम, सरकार?" म्हणाले. तिनं बापाकडे बघितलं. बापच बोलला, "काळे करा. आणि खाली तळ कडक लावा. चालली की ऐकू आलं पाहिजे." मग माझ्याकडे वळून, "लिहून घ्या, विसराल."

त्याचा फोन वाजला म्हणून तो दारापाशी गेला. मी खाली बसले, कागद पसरला, तिचं डावं पाऊल त्यावर ठेवलं. ती वाकून माझ्या कानाशी आली.

"काकू, आमचा पत्ता तुम्ही सांगितलात?"

"नाही गं बाळा. शप्पथ. मी कुण्णालाही सांगितला नाही."

"मग?"

"लिहून ठेवला होता."

"का?"

"कुणी सांगू नये म्हणून."

मग तिनं पाय नीट दाबून धरला, मी आखून घेईपर्यंत अजिबात हलवला नाही.