पुड्यांची भिंत

त्या वर्षी आपलं यान मंगळाकडे निघालं आणि आदिलाबाद जिल्ह्यातल्या शाळाशाळांना मंगळाचं याड लागलं. उटनूरच्या विज्ञान प्रदर्शनात जिकडे तिकडे थर्माकोलची रॉकेटं, आतून पोकळ. आमच्या नार्नूरच्या पंचफुलाला मात्र एकच घोर होता: उद्या माणूस पाठवला, तर वाटेत सूर्याच्या घातक किरणांपासून त्याला वाचवायचं कसं? तिने पत्र्याच्या डब्यात बाहुली बसवली आणि भोवती पाण्याच्या पिशव्या नि जेवणाच्या पुड्या रचून जाड भिंत उभारली. पहिला नंबर आला की हैदराबाद. पोरीला जायचं होतं, आणि तिचा मास्तर म्हणून मलाही ती जायला हवी होती.

परीक्षक होते सुधाकरराव, रिटायर हेडमास्तर. तालुक्यात मोठं नाव.

"ह्या काळ्या पुड्या कायच्या वं?"

"सर, जेवन सरलं का भिंत पातळ होते, अन् किरनं आत येतात. म्हनून मानसाची घान वाळवून, बांधून त्याच जागी लावाची. थे बी किरनं अडवते."

सुधाकररावांनी खिशातून रुमाल काढला आणि नाकाला लावला. पुड्यांत होती शाळेमागची माती!

"छी छी! इथं सरस्वतीचा फोटो हाय, पोरी." मग माझ्याकडे वळून हसले. "काऊन हो नागोराव, तुमच्या लोकायले हेच सुचते का?"

तुमच्या लोकायले. मला त्या रुमालाची शिसारी आली, त्या हसण्याची त्याहून जास्त. शेजारच्या टेबलावर एकाने यानाला शेणाचा लेप दिला होता. त्याला हेच गृहस्थ मघाशी 'पवित्र' म्हणून आले होते. म्हशीचं की गाईचं, तेवढंही विचारलं नव्हतं.

मी तोंड उघडणार, तोच ते म्हणाले, "थे घान काहाडली तं पयला नंबर देतो. डोकं चांगलं हाय पोरीचं."

पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं आणि भराभरा काळ्या पुड्या उचकटून काढल्या.

"आता हात धून ये," सुधाकरराव म्हणाले. ती हात धुऊन आली. नंबर मिळाला.

हैदराबादला जिल्ह्यातर्फे मानाचे पाहुणे म्हणून सुधाकररावही सोबत आले, वाटभर माझ्या डब्यातलं काही न खाता. तिथे एक शास्त्रज्ञ बाई मॉडेलपाशी थबकल्या. रॉकेटं ओलांडून आल्या होत्या, इथे वाकून बघतच राहिल्या.

"बहोत अच्छा, बेटी. लेकिन खाना खतम हो गया, तो इस दीवार में क्या भरोगी?"

अख्ख्या प्रदर्शनात हा प्रश्न फक्त पंचफुलाला पडला होता आणि उत्तर फक्त तिच्यापाशी होतं. तिचे ओठ हलले. मग तिने सुधाकररावांकडे पाहिलं.

"सांग नं, पंचफुला," मी मागून म्हणालो. "सांग!"

तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"मालूम नहीं, मॅडम."

बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.