लिंबाने पुसलेल्या रेघा

मित्रांनो, मी एक जुना शाळिग्राम आहे, आणि आज मला खूप राग आलेला आहे. म्हणून माझ्याकडून गोड शब्दांची अपेक्षा करू नका. देवघरातल्या वस्तू शांत असतात असे तुम्हाला शिकवले असेल. मीही शांतच होतो. एक दोन नव्हे, पंधरा कोटी वर्षे शांत होतो.

माझा जन्म समुद्रात झाला. आज जिथे हिमालय आहे तिथे तेव्हा समुद्र होता. मी एक जिवंत प्राणी होतो. मला गोगलगाय म्हणू नका, तो माझा अपमान आहे. तुम्ही मासळीबाजारातून जी माकूळ आणता, ती माझ्या नात्यातली. फरक इतकाच की माझ्या पाठीवर माझे घर होते. गोल गोल वळत जाणारे, कडेपासून मध्यापर्यंत रेघारेघांनी सजलेले. वाढताना मी एकेक रेघ स्वतः घातली. कोणी कारागीर आला नव्हता. मग मी मेलो, चिखलात रुतलो आणि चिखलाबरोबर काळा दगड झालो. रेघा तेवढ्या राहिल्या, चुनखडीच्या, पांढुरक्या. पुढे समुद्राची जमीन वर उचलली गेली, तिचा डोंगर झाला आणि डोंगरातून गंडकी नदीने मला खाली आणले.

तिथून मला खाडीकाठच्या तळवली गावच्या हौसेरावांनी आणले. ते आगरी शेतकरी, भातशेती आणि मिठागर सांभाळणारे. आयुष्यात एकदाच लांबच्या यात्रेला गेले आणि परत येताना कमरेला बांधून मला घेऊन आले. त्यांनी मला ताम्हणात ठेवले आणि सुनेला सांगितले, "ह्यो देव हाय. रोज आंघोल घालायची." त्या सुनेचे नाव भागीरथी. ती आता पंचाहत्तरीला आली आहे. शेती गेली, मिठागर गेले, घराच्या जागी चार मजली इमारत उभी राहिली, वरचे मजले भाड्याने गेले. माझे ताम्हण मात्र तिने हलू दिले नाही.

भागीरथीबाईंची एक सवय होती. रोज सकाळी मला पाण्याने धुऊन झाले की त्या उजव्या हाताचा अंगठा माझ्या रेघांवरून फिरवायच्या. कडेपासून सुरुवात करून गोल गोल फिरत मध्यापर्यंत. डोळे मिटलेले असायचे. त्यांचा मंत्र तेवढाच. आणि दर कार्तिकात तुळशीचे लग्न लागले की नवरदेव मीच. उसाचा मांडव, आवळे, चिंचा, बोरे, मध्ये अंतरपाट. इतकी वर्षे नवरदेव होण्याचा मान मला मिळाला, तो मी उगाच नाकारणार नाही. आवडायचे मला.

आता ऐका, घात कसा झाला ते.

भागीरथीबाईंचा मुलगा धनेश. देवळाच्या कमिटीवर आहे आणि गावातल्या प्रत्येक कामात पुढे असतो. त्याची मुलगी उन्नती वाशीच्या कॉलेजात भूशास्त्र शिकते. हुशार आहे, पण आपण हुशार आहोत हे ती घटकाभरही विसरत नाही. यंदा तुळशीच्या लग्नाला आठ दिवस असताना भागीरथीबाई उरणजवळ मोऱ्याला आपल्या बहिणीकडे, जाईबाईंकडे गेल्या. मांजर घरी नाही आणि उंदरांचे राज्य, अशी गत झाली.

"पप्पा, हा अमोनाइट आहे. फॉसिल," उन्नती म्हणाली. "देव-बिव काही नाही."

"हे चक्र वज्रकीटाने कोरलंय. पोथीत लिहिलंय. तुझ्या कॉलेजला काय कळतंय त्यातलं?"

"कोरलं नाही कोणी! हे त्याचं शेल आहे. थांबा, तुम्हाला टेस्टच करून दाखवते."

मित्रांनो, इथे मला थोडे बोलू द्या. वज्रकीट नावाचा किडा मी कधी पाहिला नाही. पण ज्याने कोणी पहिल्यांदा ती गोष्ट सांगितली, त्याला एवढे तरी दिसले होते की हे नक्षीकाम एका जिवाचे आहे. उन्नतीच्या पुस्तकातही तेच आहे, फक्त तारीख वार घालून, पुराव्यानिशी. मी जिवंत होतो, यावर दोघांचेही एकमत होते. पण ऐकून कोण घेतो? दोघांनाही माझ्याशी देणेघेणे नव्हते. त्यांना एकमेकांना हरवायचे होते.

उन्नतीने कॉलेजातून आणलेली ड्रॉपरची बाटली काढली. पातळ केलेले ॲसिड. एक थेंब माझ्या कडेच्या रेघेवर टाकला. फस्स झाले. बारीक बुडबुडे वर आले.

"बघा! चुनखडी आहे. कार्बन डायऑक्साइड निघतोय," ती टाळी वाजवून म्हणाली.

धनेशच्या हातात मोबाइल होता आणि तो रेकॉर्डिंग करत होता. त्याचे डोळे विस्फारले. "श्वास घेतोय," तो पुटपुटला. "देव श्वास घेतोय!"

उन्नती हसली. त्या हसण्याने आगीत तेल ओतले. तासाभरात तो व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर, तिथून देवळाच्या ग्रुपवर आणि तिथून कुठे कुठे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चपलांचा ढीग. घणसोलीहून माणसे आली, कोपरखैरण्याहून आली. ॲसिडची बाटली देवाला कशी चालणार? कोणीतरी लिंबू पिळून पाहिले. लिंबानेही बुडबुडे आले. झाले! धनेशने ताम्हणाशेजारी लिंबांची परडी आणून ठेवली.

"हातच्या काकणाला आरसा कशाला?" तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. "पिळा लिंबू आणि स्वतःच बघा."

प्रत्येकाने पिळले. हात जोडून पिळले, फोटो काढत पिळले, मुलांना कडेवर घेऊन पिळले. प्रत्येक बुडबुडा म्हणजे माझ्या रेघेचा एक कण होता, तो विरघळून ताम्हणातल्या पाण्यात जात होता. ते पाणी तीर्थ म्हणून वाटले गेले. मित्रांनो, ते लोक मलाच पीत होते! मला ओरडता येत असते तर मी त्या गल्लीची झोप उडवली असती.

धनेशवर माझा राग आहे, पण त्याला ठाऊक नव्हते. उन्नतीला ठाऊक होते. लिंबाने चुनखडीचे काय होते हे तिने परीक्षेत लिहून गुण मिळवलेले होते. तिने काय करावे? परडी उचलून फेकून द्यावी. "थांबा, हा झिजतोय," एवढे म्हणावे. ते न करता ती माझ्या दुसऱ्या बाजूला बाटली घेऊन उभी राहिली.

"हा चमत्कार नाही, रिॲक्शन आहे," ती लोकांना सांगायची. आधी अंड्याच्या कवचावर थेंब टाकून दाखवायची आणि मग, "आता इकडे नीट बघा," म्हणून माझ्यावर. दिवसातून वीस वेळा. एका बाजूने भक्ती, दुसऱ्या बाजूने शास्त्र, मधल्यामध्ये मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल मात्र मारला गेला.

तीन दिवस हे चालले. हे थांबावे असे वाटणारे त्या इमारतीत एकच माणूस निघाले. दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारी क्रांती. मूळची मराठवाड्यातली, बौद्ध घरातली, शाळेत शिकवणारी. ती जिन्यावरून येताना दारातून बघायची. तिसऱ्या दिवशी आत आली.

"उन्नती, बाई, तुला कळतंय ना तू काय करतीयेस ते?"

"ताई, तुम्ही तरी माझ्या बाजूने बोला. तुम्ही कुठं देव मानता?"

"नाही मानत. पण दुसऱ्याच्या जिवापाड जपलेल्या वस्तूवर ॲसिड ओतू नये, हे मानते."

उन्नतीने बाटली खाली ठेवली नाही. मग क्रांतीने मोऱ्याला फोन लावला.

भागीरथीबाई संध्याकाळीच पोचल्या. हातातली पिशवी उंबऱ्यातच टाकली. गर्दीने वाट दिली. त्यांनी मला उचलले, पदराने कोरडे केले, डोळे मिटले आणि अंगठा ठेवला. अंगठा कडेवर फिरला आणि घसरला. तिथे रेघच नव्हती. त्यांनी पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले.

"कुनी केला ह्यो?" त्यांनी मला सगळ्यांसमोर धरून विचारले. "सांगा ना, कुनी?"

"आये, देव श्वास घेत होता..." धनेश म्हणाला.

"आजी, तो श्वास नव्हता. ती रिॲक्शन..."

"गप! दोघं पन गप!" त्या कडाडल्या. "चालीस वरसां मी खाडीच्या चिखलान खुबं, शिंपलं येचलीत. मना काय शिकवता? पयल्या दिवशी हात लावला तवाच मना कल्ला, ह्यो समिंदराचा जीव हाय. खुब्यासारका. जीव हाय म्हनून तर देव! तुमी दोगांनी मिलून माजा देव खाल्ला."

परडीतली लिंबे त्यांनी एका हाताने उडवली. ती गडगडत भक्तांच्या पायांपर्यंत गेली. कोणी वाकून उचलले नाही. घर रिकामे व्हायला पाच मिनिटे लागली नाहीत.

मग दोघांना भान आले, आणि भान येताच पुन्हा नको ते सुचले. धनेश घाबरून म्हणाला, खंडित देव घरात नको, खाडीत सोडू या. उन्नती रडत म्हणाली, कॉलेजच्या काचेच्या कपाटात ठेवू या, तिथे नीट जपतील. म्हणजे एकाला मी बुडवायला हवा होतो, दुसरीला कुलपात. भागीरथीबाईंनी दोघांकडे पाहिलेसुद्धा नाही. "ह्यो कुठंच नाय जात," एवढेच त्या म्हणाल्या.

तुळशीचे लग्न ठरल्या दिवशी लागले. नवरदेव मीच होतो, अर्ध्या पुसलेल्या चेहऱ्याचा. अंतरपाट धरायला त्यांनी एका टोकाला धनेशला उभे केले, दुसऱ्याला उन्नतीला. क्रांती दारात उभी होती. मंगलाष्टके चालू असताना उन्नतीची मान वर झाली नाही. पण मित्रांनो, खरे सांगतो, माझा राग गेला नाही. रडल्याने रेघ परत येत नाही.

मला देव म्हणा, माझी हरकत नाही. पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा प्राणी म्हणा, तेही मी आहेच. रात्रंदिवस वाद घाला, मी ऐकेन. पण वाद घालताना मला हात लावायचा असेल तर आधी एवढे विचारा, की मी उरणार आहे का? डोंगर अंगावर उभा राहिला तेव्हा माझी एक रेघ हलली नव्हती. नदीने मैलोन् मैल लोळवले, तरी त्या टिकल्या. तुमच्या घरात तीन दिवसांत त्यांतल्या अर्ध्या गेल्या.

भागीरथीबाई अजूनही रोज सकाळी मला धुतात आणि डोळे मिटून अंगठा फिरवतात. कडेला गुळगुळीत जागा लागली की अंगठा थांबतो. मग त्या तो उचलतात आणि जिथून रेघा उरल्या आहेत तिथे ठेवून पुढे जातात. मध्यापर्यंत पोचायला पूर्वी वेळ लागायचा. आता लवकर पोचतात.