गोडाच्या आधी

दोधूआप्पांनी परातीएवढ्या ताटलीतला काकडीचा एकुलता एक काप उचलला, उजेडात धरून पाहिला आणि विचारलं,

"यामा साखर नही ना?"

"नही आप्पा. नुसतं आंबट शे," हेमराज म्हणाला.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराशेजारी तंबूंचं महागडं हॉटेल उभं राहिलं होतं. तिथे जपानी पद्धतीचं जेवण होतं. एक ताटली, एक घास. पुढे काय येणार ते आणणाऱ्यालाच ठाऊक. शेफ हेमराज जवळच्याच प्रकाशा गावचा. त्याला काजल हवी होती, काजलला तो. आड होते फक्त तिचे वडील. पिढ्यान्‌पिढ्या शेती केलेल्या घरातली पोर आचाऱ्याला द्यायची? पण लेक हट्टाला पेटली, म्हणून आप्पा ब्राह्मणपुरीहून आले होते, मनाशी खूणगाठ बांधूनच. मुलाकडचं गोड तोंडात गेलं की होकार झाला, ही रीत. तेव्हा आंबट, खारट, तिखट काय ते खायचं आणि गोड यायच्या आत उठायचं.

त्यामुळे बूड टेकून बसणं काही जमत नव्हतं. ताटली आली की आधी वास घ्यायचा, मग काजलच्या तोंडाकडे बघायचं. मधल्या वेळात टोपी काढायची, घालायची.

"पोट कव्हय भरी?" त्यांनी बायकोला हळूच विचारलं.

"जपानमा असंच ऱ्हास," कौसाबाई अर्धा जन्म तिकडे काढल्यासारख्या म्हणाल्या. काल त्या काजलबरोबर घोडे पाहून गेल्या होत्या. आज घोड्यांचं नावही काढत नव्हत्या.

समुद्री शेवाळाचं सूप आलं. आप्पांनी ते औषधासारखं घेतलं.

"आवडनं का, आप्पा?"

"असंच आम्ही हौदमातून खरडी काढतस."

काजलने कपाळाला हात लावला. हेमराज मात्र हसला आणि पुढची ताटली घेऊन आला.

निखाऱ्यावर भाजलेलं अर्धं वांगं!

आप्पांचा जीव भांड्यात पडला. खानदेशी माणसानं वांग्यावर संशय घेणं म्हणजे सख्ख्या मावशीवर घेणं. भाजलेल्या वांग्यात मिरची असते, लसूण असतो, शेंगदाणे असतात. त्यात गोड घालणारा अजून तापीच्या कुठल्याच काठावर जन्मला नव्हता. आप्पांनी वास घेतला नाही, विचारलं नाही. मोठा घास भरला.

दुसऱ्यांदा चावताना जबडा थांबला. वरचा तपकिरी लेप गुळासारखा गोड होता.

हेमराजचा हात पाण्याच्या जगावर थबकला. काजल मांडीवरच्या रुमालाला घड्या घालू लागली. बाहेर एक घोडा खिंकाळला. थुंकावं तर चारचौघं, गिळावं तर जावई.

आप्पांनी गिळलं.

"तिखट शे," ते म्हणाले.

त्यांनी मदतीसाठी कौसाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या पुढ्यातलं वांगं जसंच्या तसं होतं.

"तू काबर खात नही?"

"मी कालच चाखं ना," कौसाबाई पदर सारखा करत म्हणाल्या. "तव्हय जरा जास्तच गोड व्हतं. मीच सांगं, कमी कर म्हनीसन."

आप्पांनी एकदा बायकोकडे पाहिलं. मग टोपी काढून बाजूला ठेवली, तिची ताटली आपल्याकडे ओढली आणि मान वर न करता म्हणाले,

"हेमराज, यानासंगे भाकर शे का?"