समुद्र मोकळा आहे

किसाबुरोचं काम एका वाक्याचं होतं. उड्डाणाच्या दिवशी टेकाडावरच्या पत्र्याच्या खोलीत बसायचं, डोळ्यात तेल घालून समुद्राकडे बघायचं आणि वायरलेसवर सांगायचं, "समुद्र मोकळा आहे." रॉकेट पडलंच तर खाली कुणाची होडी नको, एवढाच त्याचा अर्थ. पण या एका वाक्यासाठी त्याला गेल्या दोन वर्षांत जेवढं ताटकळावं लागलं, तेवढं पन्नास वर्षांच्या मासेमारीत लागलं नव्हतं. वारा आहे, थांबा. ढग आलेत, थांबा. कुठलीशी झडप अडकली, घरी जा. एकाहत्तराव्या वर्षी माणूस कामाने थकत नाही, असल्या बसण्याने थकतो.

रॉकेट खासगी कंपनीचं. पहिलं वर जाऊन फुटलं, दुसरं गरगर फिरून पाण्यात गेलं. हे तिसरं. हेही गेलं नाही तर कंपनी गाशा गुंडाळणार, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. अकरा मार्चपासून कुपा माशाचा हंगाम. त्यानंतर एकही होडी बंदरात बसायला तयार झाली नसती. म्हणून मच्छीमारांच्या सोसायटीने सांगितलं, त्याआधीचा एक दिवस घ्या, कुठला ते किसाबुरो ठरवेल. किसाबुरोने सोसायटीच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. दहा तारखेखाली बारीक अक्षरात 'ताइआन', म्हणजे शुभ दिवस, असं लिहिलं होतं. लग्न असो, दुकान उघडायचं असो, नवी होडी पाण्यात ढकलायची असो, लोक त्याच दिवसासाठी खोळंबतात. "दहाला उडवा," त्याने सांगितलं आणि नोटिशीवर सही ठोकली. कंपनीची इंजिनिअर कुरामोचीबाई त्याच्यापुढे कमरेत वाकून गेली. आपण एक चांगलं काम केलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं.

आज दहा तारीख. उड्डाण अकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान. सकाळी दहा वीसला तो बायकोने दिलेला भाताचा गोळा खात असताना बंदराच्या बाजूने एक होडी बंदी घातलेल्या पाण्यात शिरली. त्याने शिव्या हासडत दुर्बीण उचलली. होडीची निळी पट्टी त्याने स्वतः रंगवलेली होती. पुढे बादलीत काहीतरी पांढरं होतं.

वायरलेस कुरकुरला. "किसाबुरो-सान, समुद्र कसा आहे?"

"एक होडी आहे."

"अरे देवा! कुणाची?"

"माझी," तो म्हणाला. "थांबा. बायको आहे, बोलतो तिच्याशी."

होडीचा वायरलेस वेगळा होता. "फुसाए! अगं, तिथे काय करतेयस तू?"

"दरवर्षी करते तेच."

त्याने दुर्बीण पुन्हा बादलीवर धरली. बादलीत पांढरी शेवंती होती. नऊ वर्षांपूर्वी याच तारखेला, पुढच्या खडकापाशी त्यांच्या मुलाची, नाओयाची होडी उलटली होती आणि तो परत आला नव्हता. दरवर्षी दोघं तिथे जायचे, फुलं सोडायचे, साकेची, तांदळाच्या दारूची बाटली पाण्यात रिकामी करून परत यायचे. आणि त्याने कॅलेंडरात शुभ दिवस शोधून हाच काढला होता.

"तू बोलली का नाहीस?"

"धक्क्यावर नोटीस लागली तेव्हाच बघितली. खाली तुमची सही. म्हटलं, आज आठवेल, उद्या आठवेल. सकाळी डबा देताना दारात किती वेळ उभी होते मी. तुम्ही बूट घातलेत आणि निघालात."

"मी... ताइआन बघितला गं. दिवस चांगला होता."

"हो का," ती म्हणाली.

किसाबुरोला स्वतःची लाज वाटली. "कंपनीला थांबवू? सांगतो मी तसं. तू जा पुढे."

"आज थांबले तर परत उडतील का ते?"

"नाही."

"मग कशाला विचारता? त्या इंजिनिअर पोरीच्या डोळ्यांखाली काय काळं झालंय, बघितलंत कधी? अहो, मी उड्डाण अडवायला नव्हते आले. तुम्हाला दिसावं म्हणून आले होते. दिसलं ना?"

"दिसलं."

"वळते मी."

होडी हळूहळू वळली. खडक अजून पुढे होता आणि फुलं तशीच बादलीत होती. तिला बंदरात पोचायला अकरा वाजून चार मिनिटं झाली. तोवर किसाबुरोने दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. मग त्याने दुसरा वायरलेस उचलला आणि वाक्य म्हटलं. कुरामोचीबाईने ते पुन्हा म्हणायला लावलं.

रॉकेट गेलं. फुटलं नाही, फिरलं नाही, वर वर जात दिसेनासं झालं. वायरलेसवर माणसं ओरडत होती, कुणीतरी हुंदके देत होतं. किसाबुरोने उरलेला भात डब्यात झाकला आणि गुडघे सांभाळत टेकाड उतरला.

फुसाएने होडी बांधलीच नव्हती. इंजिन चालू ठेवून ती दोर हातात धरून बसली होती.

"गेलं?"

"गेलं."

"बसा मग."

तो होडीत पाय टाकतो तोच खिशातला फोन वाजला. कुरामोचीबाईचा आवाज रडून घोगरा झाला होता. "किसाबुरो-सान, तुमचा हात शुभ आहे! आता पैसे घालणारे लोक येतील. पुढच्या वर्षी चार उडवू, मग महिन्याला एक, आणि दहा वर्षांत बघाच, माणसं जातील इथून! हंगाम संपला की पुढचं. तारीख तुम्हीच काढा हं, तुमच्या त्या कॅलेंडरात बघून."

किसाबुरोने फुसाएकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती.

"थांबा," तो फोनवर म्हणाला. "घरी विचारून सांगतो."

फुसाएने शेवंतीची बादली बाजूला सरकवली आणि त्याच्या पायांना जागा केली.