गुडघाभर समुद्र

पलंगावर कोणीतरी टॉवेलांचे दोन हंस करून ठेवले होते. चोचीला चोच लावलेले, आणि भोवती लाल पाकळ्यांची रास. पुतळाबाई काष्टा सावरत दारातच थबकल्या.

"ही कोनाची पूजा मांडलीय गो?"

सुमेधाने हातातली बॅग खाली ठेवली. मॉरिशसच्या त्या हॉटेलात सगळ्या जोडप्यांच्या खोल्या अशाच सजवल्या होत्या. या खोलीत सासू-सून उतरणार आहेत हे सजवणाऱ्याला कोणी सांगितलं नव्हतं. "इथली पद्धत आहे, आई," ती म्हणाली, आणि हंसांच्या माना धरून तिने ते टॉवेल बाथरूममध्ये नेऊन टांगले. पाकळ्या पुतळाबाईंनी स्वतः वेचल्या. फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून ओच्यात गोळा केल्या आणि खिडकीतल्या कुंडीत टाकल्या. खिडकीबाहेर ऊन नुसतं सांडलं होतं, आणि समुद्र इतका निळा की खोटा वाटावा.

ही सहल खरं तर शिवाची. नावड्याला त्याचं सिमेंटचं दुकान होतं, एकवीरा ट्रेडर्स. तळोज्याचे कारखाने वाढत होते, कळंबोली-कामोठ्याला इमारती उठत होत्या, आणि शिवा सकाळपासून ट्रकवाल्यांशी हुज्जत घालत गोणी पोचवत होता. सिमेंट कंपनीने जाहीर केलं होतं की ठरलेला माल खपवणाऱ्या डीलरला सत्त्याण्णवच्या जूनमध्ये जोडीने मॉरिशस. शिवाने तो खपवला. दुकानाचं शटर ओढताना सुमेधाला म्हणायचा, "वाळूत पडून राहायचं, बस. एक गोण उचलायची नाही." दोघांचे पासपोर्टही आले. आणि फेब्रुवारीत कळंबोलीच्या नाक्यावर एका ट्रेलरने त्याच्या मोटारसायकलला मागून उडवलं. हॉस्पिटल गाठायच्या आतच सगळं संपलं होतं. लग्नाला जेमतेम तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं.

तेरावं उलटल्यावर कंपनीचा अधिकारी निखिल घरी आला. अवघडून खुर्चीच्या टोकावर बसला. "बक्षीस शिवाभाऊंनी कमावलंय. घरातल्या कुणीही दोघांनी जावं, नाहीतर ते बुडेल."

सुमेधाने लगेच मान हलवली. पण सासरे गेल्यापासून घरात शेवटचा शब्द चुलतसासऱ्यांचा, गोटीरामबाबांचा. ते म्हणाले, "सासू-सुना जाऊ दे. जीव रमल जरा." सुमेधाला नवलच वाटलं. ती दुकानात जाऊन बसली तेव्हा याच गोटीरामबाबांनी "लोक काय बोलतील" म्हणून तिला घरी धाडलं होतं. दुकान आता शिवाचा धाकटा भाऊ बंडू बघत होता. मग तिने मनाला समजावलं की म्हाताऱ्याला आपली दया आली असेल. पुतळाबाईंचा पासपोर्ट निखिलने धावपळ करून मिळवला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बसने फिरायला नेलं. महाराष्ट्रभरचे डीलर होते, बायका नवीन ड्रेस घालून आल्या होत्या, काही जणी लग्नानंतर पहिल्यांदाच. अंताक्षरी रंगात यायची, मग कुणीतरी मागे वळून या दोघींकडे बघायचं आणि गाणं अर्ध्यातच विरायचं. निखिल प्रत्येक जोडीचा फोटो काढत होता. यांच्यापाशी आला की कॅमेरा खाली करून विचारायचा, "पाणी हवंय का?" वाईट कुणीच नव्हतं. नाशिकच्या डीलरची बायको वैशाली तर दर थांब्याला पुतळाबाईंना हात धरून उतरवायची. पण सुमेधाला वाटायचं, आपण मयताच्या घरून उठून थेट लग्नाच्या मांडवात येऊन बसलोय.

बस एका डोंगरावर थांबली. माथ्यावर कढईसारखा खोल खड्डा, आत दाट झाडी आणि तळाशी हिरवं डबकं. तिथला गाईड मोडक्या हिंदीत सांगू लागला की हे अख्खं बेट समुद्राच्या पोटातल्या आगीतून वर आलंय, आणि हे त्या आगीचं तोंड.

"मंग आग गेली कुठं?" पुतळाबाईंनी विचारलं.

"सो गयी, माई. बहुत पहले."

पुतळाबाई कठड्याला धरून बराच वेळ खाली बघत राहिल्या. पुढे एका ठिकाणी सात रंगांची माती दाखवली, तांबडी, जांभळी, पिवळी. सगळे कुंपणाशी रेटारेटी करून बघत होते. पुतळाबाई म्हणाल्या, "वान्याच्या दुकानान डाळी सांडल्यासारखी दिसतंय," आणि सुमेधाला हसू आलं. शिवा गेल्यापासून पहिल्यांदा आलं होतं. तिने चटकन तोंडावर पदर धरला, पण सासूने ते पाहिलं होतं, आणि ती रागावली नव्हती.

तिसरा दिवस खरेदीचा. सगळे राजधानीच्या जुन्या बाजारात पोचले. व्हॅनिलाच्या शेंगा, लाकडी जहाजं, काचेच्या नळीत थराथराने भरलेली ती सात रंगांची माती, सगळ्यावर उन्हाची तिरीप. बायका हात भरभरून घेत होत्या. सुमेधा नुसती मागे मागे चालत होती. एका कापडवालीपाशी पुतळाबाई थांबल्या. हिरव्या रंगावर केशरी फुलं असलेलं एक कापड त्यांनी उचललं आणि सुमेधाच्या खांद्यावर टाकून बघितलं.

"आई, हे मला कसं चालेल?"

"चालंल. कोन काय बोलनार नाय. मी हाय ना."

सुमेधाने ते कापड खांद्यावर तसंच राहू दिलं. गेले चार महिने तिच्या अंगावर फिक्याशिवाय काही चढलं नव्हतं. पुतळाबाईंचा खडबडीत हात तिच्या खांद्यावर जरा जास्तच रेंगाळला. मग त्या बाजूच्या शर्टांकडे वळल्या.

"बंडूला एक घे. तू निवड. तुज्याच हातानं घे."

सुमेधाने मनापासून निवडला. बंडू तिच्याहून चार वर्षांनी लहान. ती लग्न होऊन आली तेव्हा तो बारावीला गणितात अडकला होता. तिनेच त्याला शिकवून पास केलं होतं. "वहिनी, तुमी नसता तर मी गेलो होतो कामातून," असं म्हणत तो ताट घेऊन तिच्याजवळ येऊन बसायचा. शिवा गेल्यापासून मात्र समोर आला की खाली बघायचा. भावाचं दुःख, दुसरं काय, असं ती समजत होती. तिने निळ्या चौकटीचा शर्ट घेतला, बाह्यांची लांबी स्वतःच्या हाताला लावून बघितली. मान वर केली तर पुतळाबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

संध्याकाळी किनाऱ्यावर कंपनीने जोड्यांचे खेळ ठेवले होते. पायाला पाय बांधून धावायचं. शिट्ट्या, हशा चालू होता. या दोघी तिथून लांब जाऊन एका झाडाखाली बसल्या. ऊन अजून लख्ख होतं. पुतळाबाई वाळू मुठीत घेत होत्या आणि सोडत होत्या.

"सुमे, तुना एक सांगाचा हाय."

"सांगा की."

"घरान बोलना झालाय. गोटीराम बोलतं, बंडूशी तुजा पाट लावू, दुसरा लगीन. घरचं घरान राहील. दुकान राहील, जमिनीच्या बदल्यान सरकारचा पलाट मिलनार हाय तो पन दोन जागी होनार नाय. तुना वनवन नाय."

सुमेधाला आधी शब्द कळले, अर्थ मागून आला. "यासाठी आणलंत मला इथे?"

पुतळाबाईंनी मुठीतली वाळू सोडून दिली.

"बंडूला विचारलंत?"

"इचारला. तो हो बोलला."

खेळात कुणीतरी पडलं असावं, मोठा हशा उठला. सुमेधा उठली आणि समुद्राकडे चालू लागली. कशाला, ते तिचं तिलाही नीट सांगता आलं नसतं. मागचा तो हशा आणि ते झाड, सगळ्यापासून लांब जायचं होतं, एवढंच. पाणी कोमट होतं, काचेसारखं स्वच्छ. पोटऱ्यांना लागलं, गुडघ्याला लागलं, आणि तिथेच राहिलं. ती चालत राहिली. किनारा मागे पडला तरी पाणी गुडघ्याच्या वर येईना. लांब कुठेतरी खडकांच्या रांगेवर पांढऱ्या लाटा फुटत होत्या आणि अलीकडे सगळा समुद्र उथळ, शांत. आपल्याला बुडायचं होतं की काय, असं मनात आलं तेव्हा ती एकदम घाबरली आणि उभी राहिली.

"सुमे! अगो पोरी, थांब!"

पुतळाबाई पाणी कापत येत होत्या. लुगडं भिजून जड झालेलं, डोक्यावरचा पदर गळ्यात आलेला. मिठागराच्या गावची ती बाई, पाण्याला भ्यायची नाही. पण जवळ आल्या आणि एकदम कळवळून वाकल्या. पाण्याखाली पोवळ्याचे धारदार दगड होते. त्यांचा अनवाणी तळवा फाटला होता, आणि स्वच्छ पाण्यात रक्त धुरासारखं पसरत होतं.

सुमेधा धावली. सासूला काखेत धरून तिने परत आणलं, वाळूवर बसवलं आणि आपला पदर फाडून पाय घट्ट बांधला. दोघींच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

"माजा पयला नवरा मिठागरान काम करी," पुतळाबाई अचानक बोलू लागल्या. "ताप भरला नि गेला. तवा मी तुज्यापेक्षा बारकी. मंग त्याच्या धाकट्या भावाशी माजा पाट लावला. तोच शिवाचा बापूस."

सुमेधाने हातातली गाठ तशीच धरून ठेवली. या घरात तीन वर्षं राहून तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मानूस चांगला होता. हात नाय उगारला कदी. पन दिवा मालवला का भावाचा नाव घेऊन रडं. मी भिताडाकडं तोंड करून परून राही. दोन पोरं झाली तरी तसाच."

"मग तरीही मला सांगता, आई? सगळं माहीत असून?"

"मना दुसरा काय येतं?" पुतळाबाई म्हणाल्या. "तू गेलीस तं घरान शिवाचा काय राहिला? कुनाशी बोलू मी त्याचा?" मग नाक ओढत म्हणाल्या, "मी सांगाचा काम केला. तू 'नको' बोल. मी गोटीरामला बघते. तू तुज्या बापाकडं जा."

त्या दिवशी सुमेधाला सासूवर रागावता आलं नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ती बसून राहिली. हॉटेलच्या डॉक्टरने पाय धुतला, टाके घातले, आणि विचारलं, "इनको शुगर है?" होती. कधीपासून ते माहीत नव्हतं, औषध कधी मनावर घेऊन घेतलं नव्हतं. सहलीचे उरलेले दिवस दोघी खोलीतच होत्या. पुतळाबाई पाय उशीवर ठेवून शिवाच्या लहानपणाच्या गोष्टी सांगायच्या. तो मिठाच्या राशीवरून घसरगुंडी खेळायचा, पोहताना शाळेचं दप्तर डोक्यावर बांधायचा. सुमेधा ऐकायची.

सहार विमानतळावर बंडू गाडी घेऊन आला होता. वहिनीच्या हातातली बॅग घेताना त्याने मान वर केली नाही. गाडी सुरू झाल्यावर पुढच्या सीटवरून गोटीरामबाबांनी विचारलं, "काय मंग, वैनी?"

"ती 'नाय' बोलली," पुतळाबाई म्हणाल्या. "आनि मी पन 'नाय' बोलते."

गोटीरामबाबा तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, पण गाडीत तो विषय तिथेच मिटला. सुमेधाने ठरवलं की सासूचा पाय बरा झाला की नेरूळला माहेरी जायचं. वडिलांनी तिच्यासाठी एका शाळेत नोकरीसाठी शब्दही टाकला होता.

पाय बरा झाला नाही. टाके काढले तशी जखम उसवली. रोज सकाळी गरम पाणी, औषध, नवी पट्टी. पुतळाबाई दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत असं नव्हतं. दुसऱ्या कुणाचा हात पुढेच येत नसे. दिवाळीच्या आधी पनवेलच्या डॉक्टरने पायाची दोन बोटं काढली. शाळेतली जागा दुसऱ्या कुणाला गेली. नेरूळहून वडील यायचे, बसायचे, चहा घेऊन परत जायचे.

"जा गो नेरूलला," पुतळाबाई अधूनमधून म्हणायच्या. "कवर कुजशील माज्या पायाशी?"

"पट्टी कोण बांधणार?"

पुतळाबाई मग पाय पुढे करायच्या.

आणि गावात कुजबुज सुरू झाली. तरणी विधवा, तरणा दीर, म्हातारी अंथरुणाला. नळावर बायका गप्प व्हायच्या. बंडूसाठी आलेलं एक स्थळ या बोलण्यावरूनच माघारी गेलं. बंडू दुकानातच झोपू लागला, तर लोक त्यावरही बोलले. गोटीरामबाबांनी या वेळी कुणाला पटवायचा प्रयत्न केला नाही. ते फक्त दर आठवड्याला येऊन पायाची चौकशी करून जात.

एके दुपारी सुमेधा पट्टी बांधत होती. खाली बघूनच तिने सांगितलं, "आई, गोटीरामबाबांना सांगा, पाटाला माझी हरकत नाही."

पुतळाबाईंनी तिचा हात गच्च धरला. नको म्हणायला त्यांनी तोंड उघडलं. सुमेधा वाट बघत राहिली. पण त्यांनी हात सोडून डोळ्यांवर पदर ओढून घेतला.

लग्न पनवेलच्या रजिस्ट्रार कचेरीत झालं, नव्या वर्षाच्या सुरुवातीला. चार माणसं होती. पुतळाबाईंना रिक्षातच बसवलं होतं, पायऱ्या चढवत नव्हत्या. कारकुनाने बंडूला विचारलं, "वधूचं नाव?"

बंडू घाईत "वहिनी" म्हणून गेला.

कारकुनाने चष्म्यावरून बघितलं. मागे गोटीरामबाबा खाकरले. बंडूचे कान लाल झाले. शेवटी सुमेधाच पुढे झाली. आपलं नाव तिने हळू पण स्पष्ट सांगितलं, कारकुनाला नीट लिहिता यावं म्हणून एकेक अक्षर. सही करून ती खाली उतरली आणि रिक्षात सासूशेजारी जाऊन बसली. पट्टी सैल झाली होती, ती तिने घट्ट केली.