कपाटात कोंडलेली मैफल

कानसेनाचे दोन्ही कान माझ्या ताब्यात होते. म्हणजे कानांचे साचे. निळ्या सिलिकॉनचे, डावा थोडा जास्त वाकडा. ताईच्या टेबलाच्या खणात ते पडून होते आणि मी रोज काढून बघायचे, शिकारी पायाचा ठसा बघतो तसे.

ताई कानात बसणारे मॉनिटर बनवते, गायक-वादक कार्यक्रमात घालतात ते. कानाचा साचा घ्यायचा, त्यावरून कवच ओतायचं, आत आवाज काढणारा नखाएवढा ड्रायव्हर बसवायचा आणि भिंगाखाली केसासारख्या तारा डाखायच्या. सहा वर्षं एका भाड्याच्या खोलीत तिचं हेच चाललंय. चांगल्या जोडीत वाद्यं डोक्याच्या आत गर्दी करत नाहीत. व्हायोलिन डाव्या खांद्यापाशी वाजतं, ड्रम चार पावलं मागे. ताई त्याला आवाजाचा पैस म्हणते.

कानसेन हे त्याचं लोकांनी पाडलेलं नाव. तो जोड्या ऐकून लिहितो आणि लोक त्याचं वाचूनच घेतात. त्याने आपल्या कानांचे साचे देऊन ताईकडून जोडी बनवून घेतली, एका बड्या कंपनीच्या महागड्या जोडीशेजारी ऐकली आणि लिहिलं, ‘तपशील बरा, पैस शून्य. कपाटात कोंडलेली मैफल.’ दोन महिन्यांत ताईकडची सगळी कामं रद्द झाली. महिनाअखेर ती खोली सोडणार होती.

मी भौतिकशास्त्र शिकलेय. कारण सापडल्याशिवाय मला चैन पडत नाही, सूड घ्यायचा असला तरी. म्हणून मी त्याच्या पुढच्या जाहीर तुलनेला गेले. हेडफोनच्या दुकानात तो दर महिन्याला ती करतो. तिथे त्याचा नियम कळला. एकदा आवाजाचं बटण लावलं की तो दुसऱ्या जोडीसाठी ते हलवत नाही.

“बटणाला हात लागला की तुलना बाटली,” तो म्हणाला.

कारण सापडलं. ताईची जोडी त्याच बटणावर कंपनीच्या जोडीपेक्षा तीन डेसिबल हळू वाजते. हळू आवाज कानाला लहान, बंद, दबलेला वाटतो. दोष जोडीचा नव्हताच.

“काका, आधी दोन्हींचा आवाज सारखा करायला हवा. माझ्या ताईची जोडी हळू वाजते, म्हणून तुम्हाला कोंडलेली वाटली,” मी म्हणाले.

“पोरी, संगीत कानांनी ऐकतात, मीटरने नाही. ताईला सांग, कपाटाचं दार उघड, मग ये.”

सगळे हसले. मीसुद्धा हसले आणि घरी येऊन कामाला लागले.

त्याच महागड्या जोडीचे दोन नग मिळवले, कवच तडकलेले पण आतून धड. ड्रायव्हर काढून त्यांचा आवाज मोजला. दोन्ही जोड्यांमध्ये काडीचा फरक नाही. कानसेनाच्याच साच्यांवरून दोन्हींना एकसारखी काळी कवचं ओतली. मग एका जोडीच्या केबलमध्ये दोन्ही कानांच्या तारांना तेरा ओहमचा एकेक रेझिस्टर डाखला. आवाज तीन डेसिबल खाली आला, बाकी सगळं जसंच्या तसं. ताईला एवढंच सांगितलं की रविवारी तुझी जोडी घेऊन दुकानात ये.

“हे काय नवीन खूळ?” ती म्हणाली.

“चांगलं खूळ आहे.”

मी कानसेनाला झाकून तुलना करायचं आव्हान दिलं होतं. रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी कानसेनापुढे दोन जोड्या ठेवल्या. “कुठली कुठली ते मी सांगणार नाही. बटण तुमच्याच हाती.”

“झाकून ठेवलंस म्हणून मी फसेन होय?” तो खुशीत आला. पहिली जोडी घातली, बटण लावलं, डोळे मिटले. “वा! व्हायोलिनच्या मागे हवा आहे, हवा! ही कंपनीची.” मग त्याने दुसरी घातली. बटणाला हात लावला नाही. मी त्याची बोटं बघत होते. अर्ध्या मिनिटात त्याने ती काढली. “झालं. तेच कपाट. बाई, तुझ्या ताईचा हात मी झोपेतसुद्धा ओळखेन.”

“नक्की?”

“लिहून देऊ?”

“द्या ना.”

त्याने खरंच लिहून दिलं आणि खाली सही ठोकली. मग मी दोन्ही जोड्यांची कवचं सगळ्यांसमोर कापली. आतून चारही ड्रायव्हर त्याच कंपनीचे, तोच शिक्का असलेले निघाले. दुकानदाराने ते भिंग लावून पाहिले आणि केबलमधला एक रेझिस्टर उचलून तो म्हणाला, “साहेब, तुम्ही ज्याची आरती करता त्यालाच शिव्या घातल्यात की!”

कानसेन त्या रेझिस्टरकडे बघत राहिला. चेहरा विझलेला. ते दृश्य मी हळूहळू, चवीने पाहिलं. माझ्यासारखं वाईट माणूस त्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

“लिहिलेलं मागे घेतो,” शेवटी तो म्हणाला. “आजच. तसंच छापतो.”

ताईच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. खोली वाचली होती. तिथेच थांबायला हवं होतं. पण ताईने पर्समधून त्याच्यासाठी बनवलेली, त्याने परत पाठवलेली जोडी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

“आज इथे कुणी माझी जोडी ऐकलीच नाही,” ती म्हणाली. “ऐका. आवाज पुरेसा वाढवून.”

त्याने बटण फिरवलं. पहिल्यांदाच. गाणं सुरू झालं, त्याची मान आपोआप डावीकडे वळली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. डोळे मिटले, ओठ हलले. नाटक नव्हतं. तो तिथे नव्हताच, तो त्या पैसात हिंडत होता.

ताई हसत होती. मला मात्र सहन होईना. सहा वर्षं तिने भिंगाखाली डोळे फोडले ते काय या माणसाच्या सुखासाठी?

गाणं अर्ध्यावर असताना मी केबल उपटली.

“अगं, थांब!” तो कळवळला. “पुढचं ऐकू दे.”

“ऐकू दे गं,” ताई म्हणाली.

“नाही,” मी म्हणाले आणि जोडी मुठीत धरून रस्त्यावर आले.